फर्मेंटरमधला आंबटपणा: जीवाणू, यीस्ट आणि हरवलेले इथेनॉल

डिस्टिलरीतला एक तोटा डोळ्यांना दिसत नाही. फर्मेंटरमध्ये साखर उतरत जाते, वायू निघतो, फेस चढतो आणि ठरल्या वेळी टाकी शांत होते. नमुना तपासला तर साखर संपलेली असते. मात्र अल्कोहोल दहा टक्के यायला हवे तिथे साडेनऊच येते. साखर गेली, पण जिथे जायला हवी होती तिथे सगळी गेली नाही. टाकीत यीस्टबरोबर आणखी कोणीतरी जेवून गेलेले असते.

हे ‘कोणीतरी’ म्हणजे बहुतेक वेळा लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू. दही लावणारे आणि इडलीचे पीठ आंबवणारे जीवाणू याच कुळातले. म्हणून ते परके किंवा अपवादात्मक आहेत असे मानणेच चुकीचे ठरते. लाखो लिटरच्या टाकीत निर्जंतुक किण्वन करणे इंधनाच्या भावात परवडणारे नाही. ‘जीवाणू आहेत का?’ या प्रश्नाचे उत्तर ठरलेलेच आहे. ते किती आहेत, कोणते आहेत आणि यीस्टचे नेमके काय करतात, हे विचारायला हवे. गेल्या पाऊणशे वर्षांतले संशोधन याच प्रश्नांभोवती फिरले, आणि त्यातून निघालेले चित्र ‘साखरेची चोरी’ या सोप्या कल्पनेपेक्षा बरेच गुंतागुंतीचे आहे.

प्रश्न मात्र त्याहून जुना आहे, सूक्ष्मजीवशास्त्राइतकाच. १८५६ मध्ये फ्रान्समधल्या लील शहरात बिगो नावाच्या उद्योजकाने आपल्या बीटापासून अल्कोहोल करण्याच्या कारखान्यातली तक्रार लुई पाश्चरकडे नेली. त्याच्या काही टाक्या नीट चालत, तर काही आंबट होऊन बिघडत. पाश्चरने दोन्हींतले थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. चांगल्या टाकीत यीस्टच्या गोल पेशी होत्या. बिघडलेल्या टाकीत त्याहून कितीतरी लहान, लांबट आकार वळवळत होते आणि द्रवात लॅक्टिक आम्ल होते. पुढच्याच वर्षी लॅक्टिक किण्वनावरचा त्याचा निबंध आला. साखर आपोआप आंबत नाही, प्रत्येक किण्वनामागे विशिष्ट जीव असतो, हा विचार तिथून रुजला. थोडक्यात, आज महाराष्ट्रातल्या एखाद्या डिस्टिलरीचा केमिस्ट वॉशचा, म्हणजे आंबवलेल्या द्रवाचा, थेंब काचपट्टीवर घेतो, तेव्हा तो पाश्चरचाच प्रयोग करत असतो.

आधी सरळ हिशेब पाहू. १०० किलो ग्लुकोजपासून सिद्धांताने ५१.१ किलो इथेनॉल मिळते. उरलेला भाग कार्बन डायऑक्साइड होऊन उडतो. यीस्टला स्वतःची वाढ करायची असते, थोडे ग्लिसरॉलही बनते, त्यामुळे चांगली डिस्टिलरी या आकड्याच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास पोचते. आता समजा, तयार वॉशमध्ये दहा टक्के अल्कोहोल आहे आणि लिटरमागे ३ ग्रॅम लॅक्टिक आम्लही आहे. तेवढ्या आम्लासाठी किमान ३ ग्रॅम साखर गेली, म्हणजे सुमारे दीड ग्रॅम इथेनॉल गेले. हे उत्पादनाच्या जवळपास दोन टक्के झाले. रोज ६० हजार लिटर क्षमतेच्या प्रकल्पात एकच टक्का घट धरली, तरी दिवसाला ६०० लिटर आणि १८० दिवसांत १ लाख ८ हजार लिटर इथेनॉल हातचे जाते. बी-हेवी मोलॅसिसच्या इथेनॉलचा ६०.७३ रुपये लिटर हा दर लावला, तर ही रक्कम पासष्ट लाखांवर जाते. सहकारी कारखान्यात ती सभासदांच्या उसाच्या पैशातून वजा होते.

सगळे जीवाणू सारखे नुकसान करत नाहीत. काही जण ग्लुकोजच्या एका रेणूचे लॅक्टिक आम्लाचे दोन रेणू करतात आणि तिथेच थांबतात. त्यांना होमोफर्मेंटेटिव्ह म्हणतात. हेटरोफर्मेंटेटिव्ह जीवाणू लॅक्टिक आम्लाबरोबर अॅसेटिक आम्ल किंवा थोडे इथेनॉल आणि कार्बन डायऑक्साइडही सोडतात. टाकीत फ्रुक्टोज असले, आणि उसाच्या मालात ते असतेच, तर त्यातल्या काहीचे ते मॅनिटॉल करतात आणि त्याबरोबर अॅसेटिक आम्ल वाढते. या दुसऱ्या गटातला लॅक्टोबॅसिलस फर्मेंटम ब्राझीलपासून अमेरिकेपर्यंत डिस्टिलरींचा जुना शत्रू आहे. (२०२० मध्ये लॅक्टोबॅसिलस या प्रजातीची फेरमांडणी झाली आणि या जीवाणूचे शास्त्रीय नाव लिमोसिलॅक्टोबॅसिलस फर्मेंटम झाले, कारखान्यांत जुनेच नाव चालते.) हा जीवाणू वायूही सोडतो, त्यामुळे नुसत्या बुडबुड्यांवरून टाकीची तब्येत ओळखता येत नाही.

वेगाच्या शर्यतीतही यीस्ट मागे आहे. अनुकूल परिस्थितीत जीवाणू अर्ध्या तासात दुप्पट होऊ शकतो. यीस्टला दोन तास धरा. सुरुवातीला मिलिलीटरला हजार जीवाणू असतील, तर दहा तासांत वीस वेळा दुप्पट होऊन ते शंभर कोटींवर जातील. त्याच वेळात यीस्ट फक्त बत्तीस पट होईल. प्रत्यक्षात आम्ल, अल्कोहोल आणि पोषणाचा तुटवडा जीवाणूंना आवर घालतात. तरीही या आकडेमोडीतून एक व्यावहारिक गोष्ट कळते. यीस्टचे विरजण सुरुवातीलाच भरपूर आणि जोमदार हवे. विरजणाची टाकीच दूषित असेल, तर पुढच्या मोठ्या टाकीत कितीही औषध ओतले तरी उशीर झालेला असतो.

आता मुख्य मुद्दा. जीवाणूंनी खाल्लेली साखर हा तोट्याचा फक्त दिसणारा भाग. त्यांनी सोडलेले आम्ल यीस्टवर जे करते, ते अधिक महाग पडते. लॅक्टिक आणि अॅसेटिक ही दुर्बल आम्ले आहेत. पाण्यात त्यांचे काही रेणू विघटित होतात, काही अखंड राहतात. अखंड रेणू यीस्टच्या पेशीच्या आवरणातून सहज आत शिरतो. पेशीच्या आत आम्लता कमी, पीएच जवळपास उदासीन. तिथे तो फुटतो आणि हायड्रोजनचा आयन सोडतो. हा आयन बाहेर फेकण्यासाठी पेशीला आवरणातला पंप चालवावा लागतो आणि त्यासाठी ऊर्जा खर्ची पडते. ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या यीस्टला ग्लुकोजच्या एका रेणूमागे एटीपीचे फक्त दोन रेणू मिळतात. एवढ्या तुटपुंज्या कमाईतून पंपाचा खर्च वाढत गेला, की आधी वाढ थांबते, मग पेशी मरू लागतात.

यातले आकडे बोलके आहेत. वॉशचा पीएच ४.५ असेल, तर अॅसेटिक आम्लाचे सुमारे पासष्ट टक्के रेणू अखंड असतात. लॅक्टिकचे वीस टक्क्यांहूनही कमी. म्हणूनच थोडे अॅसेटिक आम्ल बऱ्याच लॅक्टिक आम्लापेक्षा घातक ठरते. कॅनडातल्या सस्कॅचवान विद्यापीठात इंगलेड्यू यांच्या गटाने २००१ मध्ये याची मापे प्रसिद्ध केली. अॅसेटिक आम्ल ०.०५ ते ०.१ टक्के झाले, की यीस्टवर ताण दिसू लागतो. लॅक्टिकच्या बाबतीत ही पातळी ०.२ ते ०.८ टक्के आहे. वाढ पूर्ण थांबवायला अॅसेटिकचे ०.६ टक्के पुरतात, लॅक्टिकचे सुमारे अडीच टक्के लागतात. टाकीत ही आम्ले एकटी काम करत नाहीत; वाढते अल्कोहोल, उष्णता आणि मोलॅसिसमधले क्षार यांच्या जोडीला ती असतात, म्हणून प्रत्यक्ष नुकसान याहून खालच्या पातळीवरच सुरू होते. यीस्ट अर्ध्यात थकले, तर साखर शिल्लक राहते आणि ती थेट स्पेंटवॉशमध्ये जाते.

यातच एक पेच आहे. जीवाणूंना रोखण्यासाठी पीएच खाली आणण्याची जुनी पद्धत आहे. पण आम्ले आधीच साचलेली असतील, तर पीएच उतरवल्याने त्यांचे आणखी रेणू अखंड रूपात येतात. पीएच ३.९ च्या आसपास आला, की लॅक्टिकचेही जवळपास निम्मे रेणू अखंड होतात. म्हणजे जीवाणूंवर उगारलेला हात यीस्टवरही पडतो. जुन्या, उष्णतेत साठवलेल्या मोलॅसिसमध्ये बाष्पशील आम्ले मुळातच जास्त असतात. अशा मालात सल्फ्युरिक आम्ल सढळ हाताने ओतणे हा मला उपाय वाटत नाही. तो दुखणे वाढवण्याचा मार्ग आहे.

आम्लापलीकडेही एक गोष्ट घडते, आणि या विषयातले सर्वांत चकित करणारे संशोधन तिच्याबद्दलचे आहे. समोर ग्लुकोज असेल, तर यीस्ट दुसऱ्या साखरेकडे वळत नाही. झपाट्याने ग्लुकोज खाऊन अल्कोहोल बनवत जाते. सुसान लिंडक्विस्ट, डॅनियल जारोझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवले, की काही जीवाणूंच्या सहवासात यीस्टचा हा स्वभावच बदलतो. पेशीतील काही प्रथिने प्रायॉनसारखी वेगळी अवस्था घेतात. मग ग्लुकोज असतानाही यीस्ट इतर कर्बस्रोत वापरू लागते आणि अल्कोहोल कमी बनवते. डीएनएमध्ये बदल होत नाही, तरी ही अवस्था पेशीच्या पुढच्या पिढ्यांकडे जाते. पुढच्या अभ्यासांत लॅक्टिक आम्ल हाच असा एक संकेत असल्याचे दिसले. जीवाणूंचा यात फायदा उघड आहे: अल्कोहोल कमी, म्हणजे त्यांना जगायला सोयीचे. हे काम मुख्यतः प्रयोगशाळेत आणि द्राक्षरसाच्या अडकलेल्या किण्वनाच्या संदर्भात झाले. ते मोलॅसिसच्या टाकीला जसेच्या तसे लावू नये. तरी जीवाणूंकडे नुसते साखरचोर म्हणून पाहणाऱ्यांनी ते वाचायलाच हवे.

हे जीवाणू येतात कुठून? उसाच्या बाबतीत ते शेतातूनच येतात. तोडलेला ऊस जितका ताटकळतो, काट्यावर गाड्यांची जितकी रांग लागते, तितके ल्युकोनोस्टॉकसारखे जीवाणू कांडीच्या कापलेल्या टोकातून आत शिरतात आणि सुक्रोजपासून चिकट डेक्स्ट्रान बनवतात. जळालेल्या आणि शिळ्या उसात हे अधिक. मोलॅसिस गरम प्रक्रियेतून येते, त्यामुळे त्यात उष्णता सोसणारे बीजाणू टिकतात. साठवणीच्या टाकीत पाणी मिसळले गेले, की पृष्ठभागावर वाढ सुरू होते. धान्याच्या प्रकल्पात स्टार्च शिजवताना बहुतेक जीव मरतात. पण पुढच्या उष्णता विनिमयकांत, पाइपांच्या बंद टोकांत, व्हॉल्व्हच्या सांध्यांत आणि परत वापरल्या जाणाऱ्या पाण्यात ते तळ ठोकून बसतात. तिथे त्यांचा चिकट थर जमतो. त्या थरातल्या जीवाणूंपर्यंत औषध नीट पोचत नाही, आणि प्रत्येक नव्या टाकीला तिथूनच नवे बी मिळते. अमेरिकेतल्या इंधन इथेनॉल प्रकल्पांच्या २००४ मधल्या पाहणीत मिलिलीटरला लाखापासून दहा कोटींपर्यंत जीवाणू आढळले. त्यांत लॅक्टोबॅसिलस सर्वाधिक होते.

महाराष्ट्रात यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. पहिली म्हणजे उष्णता. यीस्टला ३२ ते ३४ अंश मानवतात. मार्चनंतर कूलिंग टॉवरचे पाणीच पुरेसे थंड होत नाही आणि टाकी ३६-३७ अंशांवर गेली, की यीस्ट ढेपाळते. लॅक्टोबॅसिलस फर्मेंटमला मात्र तेच तापमान आवडते. दुसरी, कच्च्या मालाची सततची अदलाबदल. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने इथेनॉलसाठी उसाचा रस आणि पाक वापरण्यावर बंधन आणले, आणि अनेक प्रकल्पांचे नियोजन एका रात्रीत बदलले. रस, बी-हेवी, सी-हेवी, मका, तुकडा तांदूळ, प्रत्येकाबरोबर येणारे जीवाणू वेगळे, क्षार वेगळे, पोषण वेगळे. एका मालावर बसवलेली शिस्त दुसऱ्यावर चालत नाही. धोरण ठरवताना टाकीतल्या या बाजूचा विचार होताना दिसत नाही, याचे वाईट वाटते.

उपायांच्या बाबतीत सर्वांत शिकण्यासारखा देश म्हणजे ब्राझील. तिथल्या बहुतेक डिस्टिलरी १९३० च्या दशकात फ्रान्समध्ये विकसित झालेली मेल-ब्वानो पद्धत वापरतात. किण्वन संपले, की सेंट्रिफ्यूजने यीस्ट वेगळे काढायचे, ते पाण्यात पातळ करून सल्फ्युरिक आम्लाने पीएच २ ते २.५ वर आणायचे, तासा-दोन तासांनी पुन्हा टाकीत सोडायचे. नव्वद टक्क्यांहून अधिक यीस्ट असे परत येते. पेशींची गर्दी इतकी, की किण्वन सहा ते अकरा तासांत आटोपते आणि जीवाणूंना वाढायला वेळच मिळत नाही. पण यीस्टबरोबर जीवाणूही परत येतात. लॅक्टोबॅसिलस फर्मेंटमच्या काही जाती यीस्टच्या पेशींना चिकटून गुठळ्या करतात. एरवी लहान जीवाणू सेंट्रिफ्यूजमध्ये बऱ्याच प्रमाणात वेगळे होऊन निघून जातात. गुठळी झाली, की ते यीस्टच्या दाट भागाबरोबरच राहतात. शिवाय गुठळीतल्या आतल्या पेशींना साखर पोचत नाही. आम्लस्नानातून चिवट जीवाणू वाचतात आणि हंगामभर वाढत राहतात.

याच कठोर चाळणीने ब्राझीलला एक देणगीही दिली. १९९० च्या दशकात तिथल्या संशोधकांच्या लक्षात आले, की हंगामाच्या सुरुवातीला घातलेले बेकरीचे यीस्ट काही आठवड्यांत नाहीसे होते आणि त्याची जागा बाहेरून आलेले रानटी यीस्ट घेते. त्यातले काही फेसाळ आणि निरुपयोगी होते. पण पीई-२ आणि कॅट-१ यांसारख्या जाती आम्लस्नान सोसून, उत्तम उत्पादन देऊन, हंगामभर टिकल्या. कारखान्यांच्या टाक्यांतूनच त्या वेगळ्या केल्या गेल्या आणि आज त्या ब्राझीलच्या उद्योगाचा आधार आहेत.

अमेरिकेने दुसरी वाट धरली: प्रतिजैविके. मक्याच्या टाकीत पेनिसिलिन आणि व्हर्जिनियामायसिन बरीच वर्षे सर्रास घातले गेले. ते उपयोगी पडते, यात शंका नाही. पण मक्याच्या प्रकल्पातून निघणारा चोथा वाळवून डीडीजीएस म्हणून जनावरांना आणि कोंबड्यांना खाऊ घातला जातो, आणि त्यात प्रतिजैविकांचे अवशेष सापडले आहेत. नियमित औषध घेणाऱ्या प्रकल्पांतून ते न जुमानणारे जीवाणूही वेगळे केले गेले. व्हर्जिनियामायसिनच्या गटातलीच औषधे माणसांच्या हट्टी संसर्गांवर वापरली जातात. युरोपीय संघाने जनावरांच्या वाढीसाठी त्याचा वापर १९९९ मध्येच थांबवला. महाराष्ट्रात मक्यावर चालणारे प्रकल्प वाढत आहेत आणि त्यांचा चोथा कोंबड्यांच्या खाद्यात जातो आहे. म्हणून हा मुद्दा आपल्याकडे आत्ताच ऐरणीवर यायला हवा. प्रतिजैविक हे अडलेल्या टाकीसाठी ठेवावे. रोजच्या वेळापत्रकात त्याला जागा नको.

पर्याय आहेत. हॉप्सच्या फुलातील कडू आम्ले लॅक्टिक जीवाणूंना रोखतात आणि यीस्टला फारशी बाधत नाहीत. क्लोरीन डायऑक्साइडही वापरात आहे, मात्र मात्रा चुकली की यीस्टलाही फटका बसतो. माझ्या मते या सगळ्यांहून मोठे औषध स्वच्छता हेच आहे: प्रत्येक टाकीनंतर कॉस्टिकने गरम धुलाई, पाइपांची बंद टोके कापून टाकणे, विनिमयक वेळेवर उघडून साफ करणे. सतत चालणाऱ्या किण्वनात महिनोन्महिने टाकी रिकामी होत नाही. तिथे एकदा घुसलेला जीवाणू हंगामभराचा पाहुणा होतो. हा प्रकार निवडताना त्याची ही किंमत आधीच मोजायला हवी.

‘सगळे मारा’ या भूमिकेला अलीकडे शास्त्रीय आव्हानही मिळाले आहे. ब्राझीलच्या यीस्टवर, तिथल्या कारखान्यांसारख्या परिस्थितीत झालेल्या प्रयोगांत हेटरोफर्मेंटेटिव्ह जीवाणू अधिक घातक ठरले, होमोफर्मेंटेटिव्ह तुलनेने सौम्य. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर लॅक्टोबॅसिलस अमायलोव्होरस या जीवाणूने यीस्टची वाढ आणि इथेनॉलचे उत्पादन वाढवलेले दिसले. त्याने सोडलेले अॅसिटाल्डिहाइड यीस्टच्या उपयोगी पडत होते. म्हणजे टाकीत एकूण किती जीवाणू आहेत, यापेक्षा कोण कोणाबरोबर आहे, हे महत्त्वाचे. प्रतिजैविक ही निवड करत नाही.

हे सगळे लक्षात घेता रोजच्या नोंदींत काय हवे? पीएच आणि साखर पुरेशी नाही. विरजणाच्या टाकीत आणि तयार वॉशमध्ये लॅक्टिक आणि अॅसेटिक आम्ल वेगवेगळे मोजायला हवे, मिथिलीन ब्ल्यूने रंगवून जिवंत यीस्टचे प्रमाण पाहायला हवे, आणि हे आकडे उत्पादनाच्या आकड्याशेजारी लिहायला हवेत. आम्ल विरजणातच वाढलेले दिसले, तर दुरुस्तीला अजून वेळ असतो.

साखर कारखान्यांच्या संचालकांना आणि डिस्टिलरींच्या केमिस्टना एक विनंती. हंगामाच्या शेवटी, मार्च-एप्रिलच्या उन्हात, आम्ल आणि उष्णता सोसूनही ज्या टाकीने चांगले अल्कोहोल दिले, तिचा नमुना गटारात सोडू नका. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. पुण्याजवळच मांजरी इथे वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट १९७५ पासून उभी आहे. त्या नमुन्यातले यीस्ट आणि त्याच्यासोबत टिकलेले जीवाणू, दोन्ही तिथे पोचवा.